'आमच्या घराण्यातच आहे' : पळवाट की खरं कारण?

डिचोलीकरीण: शाळेतल्या तपासणीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचं वजन उंचीच्या मानानं बरंच जास्त निघालं. सासूबाई म्हणतात, घराण्यातच आहे, त्याचा आजोबाही असाच होता. धाकटी त्याच घरात, तीच शीतकडी जेवते, संध्याकाळी तोच पाव खाते, आणि काडीसारखी! खरंच रक्तात असतं, की आपण आपलीच समजूत काढतोय?

फोंडेकर: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या लहानपणी अख्ख्या वाड्यावर असं एखादंच पोर असायचं. तेवढ्या वर्षांत माणसाचे जीन्स, म्हणजे जनुकं, बदलतात होय? बदललं ते बाकीचं. खेळायच्या शेतात फ्लॅट उभे राहिले, शाळा सुटली की ट्यूशन, आणि भाजी-पावाबरोबर कोल्ड्रिंक. घराण्याचं नाव घेतलं की कुणालाच काही करावं लागत नाही.

सूक्ष्मदर्शी: जीन्स बदलले नाहीत, मान्य. पण त्याच बदललेल्या वाड्यावर एक पोर फुगतं आणि दुसरं नाही, ते का? 1986 साली डेन्मार्कमध्ये 540 दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या वजनाचा मेळ बसला तो जन्मदात्यांशी, वाढवणाऱ्यांशी नाही. ताट वाढणारी आई दुसरीच होती हो! पुढे 2007 मध्ये एफटीओ नावाच्या जनुकाचा वजनाशी संबंध कळला. आई-बापाकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती वजन वाढवणाऱ्या प्रकारच्या असलेली मुलं पोट भरलं तरी लवकर थांबत नाहीत, असं दिसलंय. पोर जास्त खातं हे खरंच, पण हावरट म्हणून नव्हे.

फोंडेकर: आणि त्या एफटीओनं मोठ्या माणसाचं वजन वाढतं किती? सरासरी तीनेक किलो. तेवढं आमच्याकडे गणेश चवथीच्या नेवऱ्यांनीही, म्हणजे करंज्यांनीही, वाढतं.

सूक्ष्मदर्शी: एकट्या एफटीओचं सांगताय. जनुकांत अशी शेकडो ठिकाणं आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. तुमच्या बाजूचंही सांगतो: हालचाल करणाऱ्या मोठ्यांत एफटीओचा परिणाम साधारण पाव हिश्श्यानं कमी दिसतो.

म्हापशाची मावशी: भांडा मागाहून. बाई, वजन कधीपासून वाढलं? तान्हेपणापासूनच झपाट्यानं वाढलं असेल, भूक भागतच नसेल, किंवा उंची खुंटली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसत्या खाण्यानं जाड झालेलं मूल बहुधा वयाच्या मानानं उंचच असतं. भुकेवर ताबा ठेवणाऱ्या एमसी4आर जनुकातल्या बिघाडासारखी कारणं विरळ असतात, पण असतात. लेप्टिन, म्हणजे भूक आवरणारं संप्रेरक, अजिबात न बनणाऱ्या मुलांना तर तेच इंजेक्शननं दिलं की भूक ताब्यात येते. आणि पाहुण्यांसमोर त्याला 'जाडो' म्हणू देऊ नका.

डिचोलीकरीण: उंची चांगली आहे. वजन पहिलीनंतर वाढलं, म्हणजे तसलं काही नसावं. तरी दाखवून घेते. पण एक सांगते. त्या तपासणीपासून त्याला वाढताना माझा हात आखडतो, आणि धाकटीला मी 'खा गे' म्हणून आग्रह करते. काल त्यानं विचारलं, "म्हाका कित्याक ना?" मला का नाही, म्हणून.

फोंडेकर: ...बरं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोल्ड्रिंक मात्र बंद कराच. दोघांचंही.