वाचता येत असून न वाचणारा आणि निरक्षर: फरक आहे की नाही?

तळटीप (धागाकर्ता)

वाचता येत असून जो वाचत नाही, तो वाचता न येणाऱ्यापेक्षा काही सरस नाही, अशा अर्थाचं एक वाक्य अधूनमधून फिरत येतं. मार्क ट्वेनच्या नावावर खपतं, पण त्याच्या लेखनात सापडत नाही. कोणाचं का असेना, मला ते पटतं.

छापील भाषेत जितके कमी वापरातले शब्द येतात, तितके बोलण्यात येत नाहीत. इंग्रजीवर १९८८ साली झालेल्या एका अभ्यासात तर मुलांच्या पुस्तकांत असे शब्द सुशिक्षित प्रौढांच्या गप्पांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे न वाचणाऱ्याचा शब्दसाठा बोलण्याच्या पातळीवर अडकतो. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे चक्र मांडलं: कमी वाचन, म्हणून कमी शब्द, म्हणून पुढचा मजकूर आणखी जड, म्हणून आणखी कमी वाचन. करारावर एकाने अंगठा लावला आणि दुसऱ्याने न वाचता सही ठोकली. आतली अट दोघांनाही सारखीच नडणार ना?

उंबरठा

साफ नामंजूर. सही ठोकणारा उद्या अडचणीत आला की तोच कागद काढून वाचू शकतो. अंगठावाल्याला तेव्हाही कुणाचे तरी पाय धरावे लागतात, आणि तो कुणीतरी नेमका समोरच्या पार्टीचा निघतो.

दुसरं म्हणजे, 'मी वाचत नाही' म्हणणारा माणूस दिवसभर वाचतच असतो. पाट्या, मेसेज, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत, फोनवर आलेला ओटीपी. त्याने ठरवलं तरी ते थांबत नाही. १९३५ साली स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेला प्रयोग घरी करून बघा: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहा आणि समोरच्याला फक्त शाईचा रंग विचारा. साक्षर माणूस अडखळतो, कारण शब्द आधी वाचला जातो. निरक्षर माणूस सरळ 'निळा' म्हणतो.

युनेस्कोने १९५८ मध्ये साक्षरतेची व्याख्या केली ती एवढीच: रोजच्या आयुष्याबद्दलचं छोटं, साधं विधान समजून वाचता आणि लिहिता येणं. जगात सुमारे ७५ कोटी प्रौढांना आजही ते येत नाही, आणि त्यांत जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत. त्यांना कादंबरी न वाचणाऱ्या पदवीधराच्या रांगेत बसवणं हा निव्वळ शब्दांचा खेळ झाला.

तळटीप

गोळ्यांचा विषय काढलातच, तर २००६ मध्ये अमेरिकेत झालेली पाहणी बघा. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी साक्षरतेच्या गटातल्या ७१ टक्के रुग्णांनी बरोबर सांगितली. दिवसभरात किती गोळ्या घ्यायच्या ते मोजून दाखवा म्हटल्यावर फक्त ३५ टक्क्यांना जमलं. म्हणजे अक्षरं लावता येणं म्हणजे वाचणं नव्हेच.

उंबरठा

अहो, हा पुरावा माझ्या बाजूचा आहे. त्या लोकांनी न वाचायचं 'ठरवलं' नव्हतं. त्यांना तेवढंच येत होतं.

खडूफळा

तुम्ही दोघं दोन टोकांवर भांडताय आणि मधला मोठा घोळका सुटतोय. 'वाचायला आवडत नाही' असं सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जण प्रत्यक्षात संथ वाचणारे असतात. अक्षर-अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. हे कबूल करण्यापेक्षा 'वेळ नाही' म्हणणं सोपं. त्याला आवड-निवड म्हणू नका.

ओळखायचं कसं? गफ आणि टनमर या वाचन-अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं: वाचून समजणं म्हणजे अक्षर लावणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक शून्य असलं की सगळं शून्य.

सारख्याच काठिण्याचे, माणसाला नवे असलेले दोन उतारे घ्या, प्रत्येकी १०० ते १५० शब्दांचे. एक त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि चुका मोजा. दुसरा तुम्ही वाचून दाखवा. दोन्हींनंतर कागद बाजूला ठेवून 'काय होतं त्यात?' एवढंच विचारा. ऐकून समजलं पण वाचून नाही, तर अडचण अक्षरं लावण्यात आहे. दोन्हींत नाही, तर शब्द किंवा विषयाची माहिती तोकडी आहे. तिथे बाराखडी घोकून काही होणार नाही. दोन्ही जमलं आणि तरी माणूस वाचत नाही, तर आणि तरच ती निवड. मोठ्याने वाचताना १०० शब्दांत १०पेक्षा जास्त चुका झाल्या तर उतारा झेपण्यापलीकडचा आहे, सोपा घेऊन पुन्हा तपासा. आणि हे सगळं करण्याआधी डोळे! चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं. चष्मा नसलेल्या माणसाला 'बुद्धी चालत नाही' म्हणून वर्गातून पळवून लावल्यासारखं होतं.

अडचण अक्षरांची असेल तर मोठ्या माणसाला 'अ अननसाचा'पासून सुरू करू नका, अपमान वाटतो. बिनमात्रांचे तीन शब्द घ्या: नळ, कर, मत. याच सहा अक्षरांतून कमळ, रमत, करमत, नकळत तयार होतात. पहिल्याच बैठकीत न शिकवलेला शब्द स्वतः वाचता आला की माणूस दुसऱ्या दिवशी येतो. मग काना, मग बाकीच्या मात्रा. ऱ्हस्व वेलांटीला थांबा: 'कि'मध्ये खूण आधी दिसते, उच्चार नंतर होतो. डावीकडून इमानदारीने वाचणारा नेमका तिथे फसतो. रफाराची तर आणखी गंमत. 'वर्ग'मधला र ऐकू येतो ग-च्या आधी आणि बसतो ग-च्या डोक्यावर. जोडाक्षरं यादीने नाही, रोजच्या शब्दांतून द्या. तोच ५०-६० शब्दांचा उतारा तीन-चार वेळा वाचून घ्या. नवा मजकूर रोज दिला की वेग येत नाही, आणि वेग आला नाही की अर्थ लागत नाही. सही शिकवणं हे साक्षरतेत धरू नका, ते चित्र काढणं आहे.

सगळ्यात जास्त पडझड मात्र साक्षरता वर्गाची पुस्तिका संपल्यावर होते. वर्ग बंद, हातात पुढचं सोपं काही नाही, आणि वर्षभरात माणूस पुन्हा दुसऱ्याला कागद दाखवू लागतो.

ऐकीव

एवढं वाचनाचं स्तोम कशाला? अकबराला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे जहांगीरनेच लिहून ठेवलंय. तरी रोज ग्रंथ वाचून घ्यायचा. अबुल फजल सांगतो की वाचणारा जिथे थांबेल तिथे बादशहा स्वतः खूण करायचा आणि वाचलेल्या पानांप्रमाणे बिदागी द्यायचा. आज ध्वनिपुस्तकं आहेत, फोन मजकूर वाचून दाखवतो. शिवाय साक्षरतेने बुद्धी पालटते हेही तपासून बघा. लायबेरियातले वाई लोक स्वतःची लिपी शाळेबाहेर शिकतात. स्क्रिबनर आणि कोल या मानसशास्त्रज्ञांना तिथे (१९८१) असं दिसलं की लिपी येण्याने ठरावीक कौशल्यं वाढतात, एकंदर विचारशक्ती नाही. शाळेमुळे होणारा बदल आपण अक्षरांच्या नावावर टाकतो.

उंबरठा

वाईंचा मुद्दा मान्य. अकबराचा नाही. त्याच्या पदरी पगारी वाचक होते आणि चुकीचं वाचून त्याला फसवायची कुणाची टाप नव्हती. सामान्य निरक्षराचा वाचक फुकटचा असतो आणि मधल्या चार ओळी गाळतो.

ऐकण्याचं म्हणाल तर कथेला उत्तम. पण फॉर्म कानाने भरता येत नाही. तक्त्यातला तिसरा रकाना पाचव्याशी ताडायचा, मागची अट पुन्हा बघायची, नको ते ओलांडायचं, हे डोळा क्षणात करतो. वेगही बघा: बोलणं मिनिटाला साधारण १५० शब्द, सरावलेल्याचं मूकवाचन २००च्या वर. हे आकडे इंग्रजीचे, पण अंदाज येतो.

तळटीप

मधल्या घोळक्याचं पटलं. त्यांना माझ्या वाक्यातून वगळतो. पण खडूफळा, दोन्ही उतारे पास होऊनही न वाचणाऱ्याचं काय? माझा आरोप त्याच्यावर आहे आणि तो कायम आहे. दहा पानांचा अहवाल समोर आला की तोही 'सारांश सांगा' म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

खडूफळा

बघतो, खरंय. सराव नसला की दम कमी पडतो आणि अनोळखी शब्द जास्त टोचतात. पण अक्षरं लागतायत, तेव्हा त्याला शिक्षक लागत नाही. रोज १५-२० मिनिटं, त्याला आधीच माहीत असलेल्या विषयावरचं, पानात एखाद-दुसराच नवा शब्द असलेलं काहीही चालेल. निरक्षराला आठवड्यातले ठरलेले तास, समोर बसणारा माणूस, फळा आणि पुढे निदान वर्षभर पुरेल इतका सोपा मजकूर लागतो. पैसे आणि माणसं मोजकी असली की मी ती कुणासाठी मागेन ते उघड आहे. तुमचा न वाचणारा पदवीधर त्या यादीत येतच नाही.