वाइनरीचा चोथा: काळ्या रंगावर जाऊ नका

वर एकांनी लिहिलंय की दिंडोरीकडच्या वाइनरीतून आणलेल्या चोथ्याचं (रस काढून उरलेली द्राक्षाची सालं आणि बिया) खत काळंभोर झालं, तरी वाफ्यात घातल्यावर मेथी पिवळी पडली. माझ्या मते खत कच्चंच होतं. काळा रंग फार लवकर येतो हो!

द्राक्षाचा चोथा मुळात आंबट, सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) 4 च्या आसपास. त्यात बियांमधलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारं द्रव्य) चिवट, लवकर कुजत नाही. नुसत्या चोथ्याचा ढीग दबून बसतो, आत हवा खेळत नाही. देठांचे तुकडे आणि शेण मिसळून तो पलटत राहिलात तर आतलं तापमान 55 अंशांवर जातं.

तयार झालंय का, हे घरीच बघता येतं. एक भाग खत, दहा भाग पाणी, ढवळून गाळून घ्या. टिपकागदावर मोहरी पसरून ती या पाण्याने भिजवा. शेजारी दुसरी ताटली साध्या पाण्याची. नुसते कोंब मोजू नका, मुळं मोजा. कच्च्या खतात मोहरी रुजते, पण मूळ खुजं आणि टोकाला तपकिरी राहतं.

प्रयोगशाळेत देणार असाल तर कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन नायट्रोजनच्या किती पट) 20 च्या आत आणि ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या खाली हवा. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला हीच मर्यादा आहे. चोथ्यात पोटॅश भरपूर, म्हणून ईसी वगळू नका. बागेत बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) जास्त मारलं जात असेल तर तांबंही तपासा.

उरलेलं खत टाकू नका, ओल देऊन पुन्हा ढीग लावा.