दोन-चार कंपन्यांच्या हाती असलेले उद्योग आणि त्यांचा भागधारक

सावकाश
नमस्कार. शेअर बाजारावरच्या बहुतेक चर्चांत एक गृहीतक न तपासताच पुढे रेटले जाते. ज्या उद्योगात दोन-चारच मोठ्या कंपन्या उरल्या आहेत तिथे दरयुद्ध होत नाही, नवा भिडू सहजासहजी शिरत नाही, त्यामुळे अशा कंपन्यांचे शेअर घेऊन निवांत बसावे, असे ते गृहीतक. माझ्याकडे हळूहळू जमलेल्या शेअरांत दूरसंचार, विमानवाहतूक, सिमेंट आणि रंग या चारही क्षेत्रांतल्या कंपन्या आहेत. वरवर पाहता ही चारही क्षेत्रे या वर्णनात चपखल बसतात, पण भागधारकाच्या पदरात पडलेले फळ प्रत्येक ठिकाणी इतके वेगळे आहे की चौघांना एकाच नियमात बसवणे मला जमत नाही. मोबाइल सेवेत दहा-बारा कंपन्या होत्या, त्यांतल्या तीन खासगी आणि एक सरकारी एवढ्याच उरल्या. पण उरलेल्या तिघांत व्होडाफोन आयडियाही आहे आणि तिच्या भागधारकाची अवस्था आपण सारे जाणतो. तेव्हा कंपन्यांची संख्या बाजूला ठेवून गुंतवणूकदाराने नेमके काय तपासावे? ‘हा घ्या, तो विका’ असा सल्ला नको आहे. विचार कसा करावा एवढेच जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

माधव_ठाणे
प्रश्न योग्य आहे. माझे मत असे की कंपन्या किती उरल्या यापेक्षा त्या कशामुळे उरल्या, हे आधी पाहावे.

दूरसंचाराचेच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले तेव्हा काही कंपन्या गेल्या, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर बाकीच्यांचा निकाल लागला. एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या, टाटांनी आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे सोपवला, आणि व्होडाफोन व आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र आल्या. म्हणजे संख्या घटली ती भांडवल जळून. ज्याच्या तिजोरीत सर्वांत जास्त पैसा होता तो टिकला, आणि टिकण्याचा खर्च भागधारकांनीच सोसला. एअरटेलने २०१९ मध्ये २५,००० कोटी रुपयांचे हक्कभाग (सध्याच्याच भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) २२० रुपयांना विकले आणि २०२१ मध्ये पुन्हा २१,००० कोटींचे ५३५ रुपयांना. व्होडाफोन आयडियानेही २०१९ मध्ये साडेबारा रुपयांना तेवढेच २५,००० कोटी उभारले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला समायोजित सकल महसुलाच्या (ज्या रकमेवर सरकारचे परवानाशुल्क मोजले जाते तिच्या) वादात न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरुद्ध गेला आणि सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत या कंपनीला जवळपास ५१,००० कोटींचा तोटा दाखवावा लागला. पुढे सरकारने आपल्या थकबाकीचे शेअरांत रूपांतर केले. आज सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्के आहे, आणि तेवढ्या प्रमाणात जुन्या भागधारकाचा वाटा पातळ झाला.

याच कहाणीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एअरटेलचे प्रत्येक ग्राहकामागचे मासिक उत्पन्न २०१९ च्या त्या तिमाहीत १२८ रुपये होते, ते २०२५ मध्ये अडीचशेवर गेले. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही वेळा तिन्ही खासगी कंपन्यांनी मागेपुढे काही दिवसांत दर वाढवले, आणि ग्राहकाला जायला दुसरीकडे फारशी जागा नव्हती. म्हणजे मोजक्या कंपन्यांच्या बाजारपेठेचा लाभ खरोखर मिळतो, पण तो युद्ध संपल्यानंतर, जिंकलेल्याला. युद्ध चालू असताना ‘आता फक्त चारच उरल्या’ म्हणून जो शिरला, त्याला कोणत्या घोड्यावर पैसे लावतो आहोत हे कळणे अवघड होते.

विमानवाहतुकीत किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यावर देशांतर्गत प्रवाशांपैकी दहातले जवळपास नऊ जण इंडिगो किंवा टाटा समूहाच्या विमानाने जाऊ लागले. एकट्या इंडिगोचा वाटा साठ टक्क्यांहून अधिक. इतकी पकड असूनही इंडिगो २०१९-२० ते २०२२-२३ अशी सलग चार आर्थिक वर्षे तोट्यात होती, आणि त्यातली मधली दोन वर्षे प्रत्येकी सुमारे सहा हजार कोटींची. महासाथ हे कारण आहेच, पण इंधनाचा भाव तेलबाजार ठरवतो आणि भाड्याने घेतलेल्या विमानांचे भाडे डॉलरमध्ये मोजावे लागते, ही या धंद्याची कायमची लंगडी बाजू. शिवाय वर्चस्व फार झाले की सरकार दारात येते. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा सरकारने तिकिटांच्या दरांवर कमाल मर्यादा घातली आणि कंपनीला फेऱ्या दहा टक्क्यांनी कमी करायला लावल्या. ज्या कंपनीवाचून देशाचे चालत नाही, तिला मनाप्रमाणे दर लावू दिले जातील अशी अपेक्षा भागधारकाने ठेवू नये.

रंगवाले
आमचे रंगाचे आणि हार्डवेअरचे दुकान आहे, म्हणून रंगांपुरते लिहितो.

रंगाच्या धंद्यात प्रवेशाला अडसर कारखान्याचा नसतो, दुकानातल्या चार बाय चार फूट जागेचा असतो. ग्राहक शेडकार्डावर बोट ठेवतो, आम्ही पांढऱ्या बेसचा डबा टिंटिंग मशीनखाली ठेवतो, संगणकात त्या छटेचा क्रमांक घालतो आणि मशीन थेंबाथेंबाने रंगद्रव्य सोडते. डबा हलवून झाला की पाच मिनिटांत माल तयार. त्यामुळे हजारो छटांचे डबे भरून ठेवावे लागत नाहीत, मोजके बेस पुरतात. पण मशीन ज्या कंपनीचे, बेस आणि रंगद्रव्यही तिचेच. लहान दुकानात एक, फार तर दोन मशीन मावतात. तिसऱ्या कंपनीने कितीही चांगला माल आणला तरी ते मशीन ठेवायचे कुठे? त्यात मोठी कंपनी मधल्या घाऊक व्यापाऱ्याला वगळून थेट दुकानात माल पोहोचवते, आणि तोही दिवसातून एकाहून अधिक वेळा. सकाळी मागणी नोंदवली की दुपारी टेम्पो येतो, त्यामुळे आमचे भांडवल मालात अडकून राहत नाही. कमी मार्जिनवर आम्ही राजी का होतो, याचे उत्तर या टेम्पोत आहे. एशियन पेंट्सने १९४२ पासून जे उभे केले ते मुख्यतः हे जाळे आहे. संघटित क्षेत्रातला सुमारे निम्मा वाटा तिच्याकडे, आणि तिच्यामागे बर्जर, कन्साई नेरोलॅक आणि अक्झो नोबेल, असा क्रम कित्येक वर्षे हलला नाही.

तो हलला फेब्रुवारी २०२४ मध्ये, जेव्हा बिर्ला समूहातल्या ग्रासिमने बिर्ला ओपस हे रंग बाजारात आणले. दहा हजार कोटींची गुंतवणूक, सहा कारखाने (त्यातला एक आपल्या महाडला) आणि वर्षाला १३३ कोटी लिटरची क्षमता, एवढ्या तयारीने या धंद्यात याआधी कोणी उतरले नव्हते. दुकानदाराला टिंटिंग मशीन फुकट मिळू लागले, म्हणजे मी वर सांगितलेल्या अडसरातला निदान पैशाचा भाग तरी एका झटक्यात गेला. जुन्या कंपन्यांनी योजना वाढवल्या, डब्यातल्या टोकनची (पेंटरला पैसे मिळवून देणाऱ्या कुपनाची) रक्कम वाढली आणि पेंटर मंडळी खूश झाली. हा सगळा पैसा शेवटी कोणाच्या तरी नफ्यातूनच येतो. एशियन पेंट्सचा निव्वळ नफा २०२३-२४ मध्ये सुमारे ५,४६० कोटी होता, तो पुढच्या वर्षी ३,६७० कोटींच्या आसपास आला. मागणी मंदावली होती हेही खरे, सगळे खापर स्पर्धेवर फोडता येणार नाही. ग्रासिमच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जुलै २०२५ मध्ये एशियन पेंट्सच्या चौकशीचा आदेश दिला. तो प्राथमिक आदेश आहे, निष्कर्ष नव्हे, एवढे भान ठेवावे. अक्झो नोबेलचा भारतातला व्यवसाय जेएसडब्ल्यू पेंट्सने घेण्याचा करारही त्याच वर्षीचा.

यातून गुंतवणूकदाराने काय घ्यायचे ते जाणकार सांगतील. मला एवढेच दिसते की वीस टक्क्यांच्या आसपास मार्जिन वर्षानुवर्षे उघड दिसत राहिले की एखाद्या श्रीमंत समूहाचे लक्ष तिकडे जाणारच, आणि त्याला पहिल्या पाच वर्षांत नफ्याची घाई नसते.

गडचांदूर
सिमेंटबद्दल बोलताना देशभरातला वाटा मोजणे फारसे उपयोगाचे नाही, कारण सिमेंट जड आणि स्वस्त असल्यामुळे दोन-तीनशे किलोमीटरपलीकडे रस्त्याने नेले की भाड्यातच नफा जातो. बाजारपेठ प्रादेशिक असते. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीमुळे कारखान्यांची रांग लागली आहे. आवारपूरचा कारखाना मूळचा लार्सन अँड टुब्रोचा, तो २००४ मध्ये बिर्लांकडे जाऊन अल्ट्राटेकचा झाला. माणिकगड सेंच्युरीचा होता, तोही २०१९ मध्ये अल्ट्राटेककडे आला. उपरवाहीचा मराठा सिमेंट अंबुजाचा आणि घुग्घुसजवळचा एसीसीचा, हे दोन्ही २०२२ मध्ये अदानींकडे गेले. नारंड्याचा मुरली कारखाना बंद पडून दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२० मध्ये दालमियाने घेतला. फाटकांवरच्या पाट्या निरनिराळ्या, मालक मोजून तीन.

असे असूनही सिमेंट कंपन्यांना रंगांसारखा परतावा मिळत नाही, आणि कारण सोपे आहे. उद्योगाची क्षमता मागणीच्या बरीच पुढे असते. कित्येक वर्षे ती साठ-सत्तर टक्केच वापरली जाते. भट्टी थंड ठेवणे परवडत नाही, म्हणून महिनाअखेरीला खप गाठण्यासाठी गोणीमागे दर सोडले जातात. दर एकदिलाने चढतात तेव्हा स्पर्धा आयोग जागा होतो. २०१२ मध्ये आयोगाने अकरा कंपन्यांना संगनमताबद्दल सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, अपिलीय न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला, २०१६ मध्ये आयोगाने नव्याने तसाच आदेश काढला आणि २०१८ मध्ये अपिलात तो टिकला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा दंडाची टांगती तलवार ताळेबंदाच्या टिपांत एका परिच्छेदात असते आणि ती वाचणारे फार थोडे.

मोठ्यांची खरी जमेची बाजू जुन्या खाणी आहेत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चुनखडीचे पट्टे लिलावातूनच मिळतात, त्यामुळे नव्याला खडक महाग पडतो आणि ज्याच्याकडे जुना पट्टा आहे त्याला त्याची मुदत संपेपर्यंत स्वस्त. म्हणूनच अल्ट्राटेक आणि अदानी नवे कारखाने बांधतात त्याबरोबर इंडिया सिमेंट्स, सांघी, पेन्ना, ओरिएंट असे चालू कारखाने विकतही घेतात. ही खरेदी भागधारकाच्या हिताची ठरते की नाही, हे टनामागे किती पैसे मोजले यावर ठरेल.

अवांतर
थोडा वेगळा मुद्दा. ज्यांना भांडवलही फारसे लागत नाही आणि स्पर्धकही एखादाच आहे, असे धंदे हवे असतील तर डिपॉझिटरी, म्हणजे आपले शेअर डिमॅट स्वरूपात जपणाऱ्या संस्था, पाहाव्यात. १९९६ पासून एनएसडीएल आणि १९९९ पासून सीडीएसएल, आणि त्यानंतर तिसरी आलेलीच नाही. सीडीएसएलच्या शेअरांची २०१७ मध्ये १४९ रुपयांना पहिली सार्वजनिक विक्री झाली तेव्हा ज्यांना शेअर मिळाले त्यांना घबाड लागले. मात्र इथे दराचा दोर सेबी या बाजार नियामकाच्या हातात आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बाजारातल्या अशा संस्थांनी सर्व सभासदांना एकसारखाच आकार लावावा, उलाढालीनुसार सवलत देऊ नये, असा नियम झाला आणि कित्येकांची गणिते एका परिपत्रकाने बदलली. शिवाय डिमॅट खाती उघडण्याचा वेग तेजीत असतो तसा मंदीत राहत नाही, त्यामुळे हा नफा दिसतो तितका संथ आणि खात्रीचा नाही.

सावकाश
सर्वांचे आभार. रंगवाले यांनी सांगितलेली टिंटिंग मशीनची बाब मला कुठल्याच अहवालात वाचायला मिळाली नव्हती. एक उपप्रश्न आहे: रंगांच्या बाबतीत नवा स्पर्धक येण्याआधीच शेअर रखडला होता ना? मग त्याचा दोष कोणत्या गोष्टीला द्यायचा?

माधव_ठाणे
किमतीला. जानेवारी २०२२ मध्ये एशियन पेंट्सचा भाव साडेतीन हजारांच्या घरात होता, म्हणजे शेअरमागच्या वार्षिक कमाईच्या शंभरपटीच्या आसपास. २०२१-२२ मध्ये कंपनीचा नफा सुमारे ३,००० कोटी होता आणि दोन वर्षांत तो ५,४६० कोटी झाला, म्हणजे धंद्याने आपले काम चोख केले. तरीही मार्च २०२४ मध्ये भाव २,८००-२,९०० च्या दरम्यानच होता. नफा जवळपास ऐंशी टक्क्यांनी वाढूनही भागधारकाच्या मुद्दलात खोट आली, कारण ती वाढ त्याने आधीच विकत घेऊन ठेवली होती. पुढच्या वर्षी नफा घटला तेव्हा भाव २,२००-२,३०० वर आला. तेव्हा एअरटेलच्या भागधारकाचे भले फक्त दर वाढल्यामुळे झाले असे समजू नका. २०१९ मध्ये ती कंपनी वाचते की नाही अशी शंका होती आणि शेअर त्या शंकेच्या भावात मिळत होता. आपल्याकडच्या चारही शेअरांपुढे खरेदीचा भाव आणि त्या वेळची कमाई लिहून इथे टाकलीत, तर नावे न घेताही त्यावर पुढे बोलता येईल.