अमेरिकन पोलिसांत हिस्पॅनिक अधिकाऱ्यांच्या वेगळ्या संघटना हव्यात का?

अवंती_ह्यूस्टन
आमच्या ह्यूस्टनमध्ये साधारण ४५ टक्के वस्ती लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, बहुतांशी स्पॅनिशभाषक (हिस्पॅनिक) घराण्यांची आहे. तरी १८४१ पासूनच्या पोलीस खात्याला पहिला हिस्पॅनिक प्रमुख, आर्ट असेव्हेडो, मिळायला २०१६ उजाडलं. न्यूयॉर्कला एडवर्ड कबान पहिले हिस्पॅनिक पोलीस आयुक्त झाले ते २०२३ मध्ये.

लायकी असली की बढती आपोआप मिळते, असं म्हणणाऱ्यांनी एफबीआयवरचा खटला बघावा. मॅट पेरेझ हे तिथले वरिष्ठ हिस्पॅनिक अधिकारी. त्यांच्यासह ३०० हून अधिक एजंट कोर्टात गेले. स्पॅनिश येतं म्हणून यांना कानाला हेडफोन लावून तासन् तास फोन टॅपिंग ऐकत बसवायचं, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या केसचं श्रेय दुसऱ्याच्या फाइलला. एजंटांनी या कामाला मेक्सिकन पदार्थावरून नावच ठेवलं होतं, 'टॅको सर्किट'. १९८८ मध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायाधीशांनी भेदभाव झाल्याचं मान्य केलं. एकेकटा माणूस हे सिद्ध करू शकला नसता. म्हणून १९७३ पासूनच्या 'हॅपकोआ'सारख्या हिस्पॅनिक पोलीस अधिकाऱ्यांच्या संघटना हव्यातच.

विश्राम
अवंतीताई, पेरेझ यांच्यावर अन्याय झाला, वाद नाही. पण तो बढतीचा अन्याय. रस्त्यावरच्या माणसाला त्यातून काय मिळालं?

टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतला गोळीबार आठवा. २४ मे २०२२. गाव बहुसंख्य लॅटिनो, शाळेच्या पोलिसांचा प्रमुख पीट अरेडोंडो लॅटिनो, आलेल्या पोलिसांतही लॅटिनो भरपूर. ३७६ जण जमले आणि ७७ मिनिटं वर्गाबाहेर थांबले. आतून मुलं ९११ या मदतीच्या नंबरला फोन करत होती. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. आपल्यातला माणूस वर बसला की आपली माणसं सुरक्षित, ही समजूत त्या दिवशी मोडली. मला प्रशिक्षण आणि जबाबदारी हवी, आडनाव कुठलंही असो.

अवंती_ह्यूस्टन
विश्राम, युवाल्डीबद्दल लिहिताना आजही हात थरथरतो. पण ती चूक प्रमुख लॅटिनो असल्यामुळे झाली नाही, आणि संघटनेमुळे तर नाहीच. संघटना नको म्हणण्यासाठी तुम्ही ती मुलं पुढे करताय, हे मला पटत नाही. हिस्पॅनिक प्रमुख जास्त चांगला असतो असा माझा दावाच नाही. त्याला परीक्षेला बसू द्या आणि गुण इतरांसारखेच मोजा, एवढंच.

शरद काका
कबान यांचं पुढे काय झालं तेही सांगा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय तपासात फोन जप्त झाला आणि काही दिवसांत राजीनामा. फोन जप्त होणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, पण 'पहिला' म्हणून ज्यांनी मिरवणूक काढली त्यांनी नंतरही बोलायला हवं.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हॅपकोआ ही साहेबांची संघटना. गस्तीवरच्या शिपायाचं काय? मी मुंबईत १९८२ पाहिलंय. शिपायांच्या संघटनेची मान्यता काढली, पुढारी पकडले, शहर पेटलं. आजही आपल्या शिपायाला गाऱ्हाणं मांडायचं तर ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याच केबिनमध्ये जावं लागतं.

अवंती_ह्यूस्टन
काका, न्यूयॉर्क पोलिसांत 'हिस्पॅनिक सोसायटी' १९५७ पासून आहे आणि ती फक्त साहेबांची नाही. तुमचं मुंबईचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं. संघटना नसली की काय होतं ते तुम्हीच सांगितलंत.

विश्राम
शिपायाला संघटना हवी, हे मान्य. ती वंशावर का, हे अजून कुणी सांगितलं नाही. आणि जातभाई अधिकारी चुकला तर त्याला पाठीशी घालायचं नाही, असं लेखी ठरवणारी संघटना दाखवा, मी पहिली वर्गणी देतो.

अवंती_ह्यूस्टन
वंशावर, कारण हेडफोन वंश बघूनच दिले होते. लेखी नियमाची मागणी मात्र रास्त आहे, ती मीही करेन.