गणिताचं तत्त्वज्ञान: काटेकोर वाचायचं तर सुरुवात कुठून?

पायरीपायरीनं:
'गणित म्हणजे विश्वाची भाषा' छापाची पुस्तकं वाचून विटलो. संख्या म्हणजे नेमकं काय, यावर युक्तिवाद हवाय, आरती नको. काय वाचू?

तर्कट:
वाचू नका, आधी करा. सहा महिने तर्कशास्त्र आणि संचसिद्धांत, मग गोडेलच्या १९३१च्या प्रमेयाची सिद्धता स्वतःच्या हातानं उतरवा. नाहीतर 'गोडेल म्हणतो, सत्य कधीच कळत नाही' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसाल. प्रमेय म्हणतं ते इतकंच: काही व्यवस्थांत सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही असं विधान उरतंच. पण व्यवस्था सुसंगत, पुरेसं अंकगणित मावणारी, सिद्धता यंत्रवत तपासता येणारी हवी, या अटी गाळल्या की उरतं ते निरूपण.

अवकाश:
साफ असहमत. काटेकोरपणा म्हणजे चिन्हं नव्हेत. तत्त्वज्ञ बेनासेराफचा १९६५चा लेख घ्या. संख्या म्हणजे संच असं मानून त्या उभ्या करायच्या दोन रचना बघा. झर्मेलोच्या रचनेत प्रत्येक संख्येच्या संचात फक्त तिच्या लगतची आधीची संख्या असते, फॉन नॉयमनच्या रचनेत आधीच्या सगळ्या. बेरीज-गुणाकार दोन्हीकडे बिनचूक. पण '१ हा ३ चा घटक आहे का?' विचारलं की एकीकडे 'नाही', दुसरीकडे 'हो'. खरी रचना कुठली, हे ठरवायला काही कारणच नाही. म्हणून संख्या संच नव्हेतच, असा त्याचा निष्कर्ष. पटो न पटो, पळवाट शोधून दाखवा!

तर्कट:
म्हणजे संचसिद्धांत लागलाच की.

अवकाश:
लागला, चार ओळींचा. सहा महिन्यांचा नाही. अंकगणित तर्कशास्त्रावर उभं करू पाहणाऱ्या फ्रेगेचंच बघा. १८८४चं पुस्तक जवळपास सगळं गद्यात, अजून टिकून आहे. नंतरचा ग्रंथ चिन्हांनी ठासून भरलेला, आणि त्याचा दुसरा खंड छपाईत असताना १९०२मध्ये त्यातली विसंगती दाखवणारं रसेलचं पत्र आलं. पाया गेला. चिन्हांनी वाचवलं का?

तर्कट:
वाचवलं नाही, पकडून दिलं! सगळं मांडून ठेवलं होतं म्हणून तर त्याच्या पाचव्या मूलभूत नियमावर (कुठल्याही गुणधर्माला संच असतोच, असं मानू देणाऱ्या) बोट ठेवता आलं. गद्यात असतं तर 'लेखकाला असं म्हणायचं नव्हतं' म्हणत आपण अजून भांडत असतो.

अवकाश:
हा मुद्दा बिनतोड आहे. तरी नवख्याला आधी सहा महिने कोंडून ठेवायला माझा विरोधच. प्रश्न टोचला तर तर्कशास्त्र तो आपणहून शिकेल.

पायरीपायरीनं:
बेनासेराफ–पटनम यांच्या संकलनाची १९८३ची आवृत्ती मिळाली, त्यात तो लेख आहे. सुरुवातीलाच दोन मुलं भेटतात, एर्नी आणि जॉनी. आईबाप कट्टर तर्कशास्त्री, त्यामुळे पोरांना अंकांच्या आधी संच शिकवलेत. तर्कटराव, तुमच्या घरची तर नव्हेत?