मदत हवी आहे: कर्नल अपग्रेडनंतर लिनक्स राउटरवरील व्हीआरएफमधून पॅकेट पुढे जात नाहीत

रानवाट (धागाकर्ता)

आमच्या महाविद्यालयात एक लिनक्स यंत्र राउटर म्हणून चालते. त्यावर दोन व्हीआरएफ (एकाच राउटरवर परस्परांपासून वेगळी ठेवलेली राउटिंग टेबले) आहेत, एक व्यवस्थापनाच्या व्हीलॅनसाठी (आभासी उपजाळ्यासाठी) आणि दुसरे प्रयोगशाळांसाठी. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपग्रेड केल्यापासून प्रयोगशाळेतील एकाही संगणकाला बाहेरचे जाळे मिळत नाही. व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमधून एसएसएच (दुरून प्रवेश) करता येत नसल्यामुळे सर्व्हरच्या खोलीत कन्सोलसमोर बसून काम करावे लागत आहे. दोन्ही राउटिंग टेबले मी तपासली असून त्यांतील मार्ग जसेच्या तसे आहेत. सोमवारपासून विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षा आहेत. नव्या कर्नलमध्ये व्हीआरएफ बिघडले आहे का आणि असल्यास कोणता पॅच लावावा, एवढेच कृपया सांगावे. व्हीआरएफची प्राथमिक माहिती नको, ती मला आहे.

सह्यकडा

पॅचकडे जाण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. वितरण कोणते, आणि कर्नलची जुनी व नवी आवृत्ती कोणती? प्रयोगशाळेतील संगणकावरून राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला पिंग जाते का? एसएसएच होत नाही म्हणजे ताबडतोब नकार येतो, की बराच वेळ थांबून जोडणी सुटते? या दोहोंत मोठा फरक आहे, कारण नकार येत असेल तर पॅकेट राउटरपर्यंत पोहोचून उत्तरही परत येत आहे. राउटिंगच्या नियमांच्या यादीत १००० या अग्रक्रमाचा एलथ्रीएमडेव्हचा, म्हणजे पॅकेट त्याच्या व्हीआरएफच्या टेबलाकडे वळवणारा, नियम दिसतो का, तेही पाहा. कर्नल ४.८ पासून पहिले व्हीआरएफ तयार होताच तो आपोआप घातला जातो आणि सर्व व्हीआरएफना तो एकच पुरतो.

निळीवायर

हा कनेक्शन ट्रॅकिंगचा, म्हणजे कर्नल ठेवतो त्या जोडण्यांच्या नोंदीचा, प्रश्न आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कर्नल ५.१५ च्या सुमारास व्हीआरएफमध्ये शिरणाऱ्या पॅकेटवरील ट्रॅकिंगची नोंद पुसण्याचा बदल करण्यात आला, त्यामुळे नॅट (पॅकेटमधील पत्ते बदलण्याची सोय) मोडले आणि तो बदल मागे घ्यावा लागला. त्यानंतर ५.१६ मध्ये राउटरवरच निर्माण होणाऱ्या पॅकेटांचे ट्रॅकिंग केवळ खालच्या प्रत्यक्ष इंटरफेसवर व्हावे, अशी नवी रचना आली. आमच्याकडे या संक्रमणात नॅटचे नियम नव्याने लिहावे लागले होते. धागाकर्त्यांनी प्रयोगशाळेच्या रहदारीला एनएफटेबल्समध्ये (कर्नलच्या फायरवॉलमध्ये) ट्रॅकिंगमधून वगळून पाहावे.

दीपमाळ

व्हीआरएफ सोडून नेटवर्क नेमस्पेस वापरावे, असे मी सुचवेन. क्युम्युलस नेटवर्क्सच्या अभियंत्यांनी केलेले व्हीआरएफचे काम २०१५ मध्ये कर्नल ४.३ मध्ये आले, परंतु त्यात केवळ राउटिंग वेगळे होते. इंटरफेस, सॉकेट (सेवा जोडणीसाठी उघडतात ती टोके) आणि फायरवॉलचे नियम हे सर्व एकाच जागेत राहते, आणि पॅकेट नेमके कोणत्या इंटरफेसवर आले असे समजायचे, हा गोंधळ कायम राहतो. नेमस्पेसमध्ये प्रत्येक विभागाला संपूर्ण स्वतंत्र नेटवर्क स्टॅक मिळतो.

सह्यकडा

दीपमाळ, नेमस्पेसमध्ये प्रत्येक सेवेची वेगळी प्रत चालवावी लागते आणि देखरेखीची साधनेही प्रत्येक नेमस्पेसमध्ये शिरवावी लागतात. हाच भार टाळण्यासाठी व्हीआरएफ आले. शिवाय परीक्षा तोंडावर असताना राउटरची संपूर्ण मांडणी बदलण्याचा सल्ला योग्य नाही. आधी बिघाड शोधू या.

रानवाट

वितरण डेबियन आहे. आधी ६.१ मालिकेतील कर्नल होता, आता ६.१२ आहे. प्रयोगशाळेतून राउटरच्या पत्त्याला पिंग व्यवस्थित जाते, मात्र राउटरच्या पलीकडे काहीच जात नाही. एसएसएचला ताबडतोब नकार येतो. पॅकेटे टिपणाऱ्या टीसीपीडम्पमध्ये जोडणीची विनंती आलेली दिसते आणि त्यावर राउटरच रिसेट पाठवतो. एसएसएचची सेवा चालू असून ती सर्व पत्त्यांवर ऐकत आहे. १००० चा नियम जागेवर आहे. या यंत्रावर नॅट नाही, ते काम पुढच्या फायरवॉलवर होते. प्रयोगशाळेला वेळ पुरवणारी सेवा मात्र बिनतक्रार चालू आहे. ती मी आयपी व्हीआरएफ एक्झेक या, सेवेला ठरावीक व्हीआरएफमध्ये चालवणाऱ्या, आज्ञेतून सुरू करतो, म्हणून येथे तिचा उल्लेख केला नव्हता.

उंबरठा

आपल्या नियमांच्या यादीत लोकल टेबल (यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यांचे) ० या अग्रक्रमावरच असणार. लोकल टेबल ३२७६५ वर न्यावे असे सुचवले जाते, जेणेकरून व्हीआरएफमधील पॅकेटसाठी व्हीआरएफचे टेबल आधी पाहिले जाईल. प्रत्येक व्हीआरएफ राउटरवर पहिल्याच दिवशी हा बदल करावा, असे माझे ठाम मत आहे. तो करताना ३२७६५ चा नवा नियम आधी घालावा आणि ० चा जुना नियम त्यानंतरच काढावा, कारण क्रम उलटा झाला तर यंत्राला स्वतःचे पत्तेही ओळखता येणार नाहीत.

निळीवायर

नॅट नसेल तर उलट मार्गाची तपासणी, म्हणजे आरपी फिल्टर, पाहावे लागेल. सर्व इंटरफेसवर ते ० करा.

सह्यकडा

निळीवायर, आपण सांगितलेले ट्रॅकिंगचे बदल खरे आहेत, परंतु ६.१ आणि ६.१२ ही दोन्ही कर्नल ५.१६ च्या नंतरची आहेत, त्यामुळे ते बदल धागाकर्त्यांच्या जुन्या कर्नलमध्येही होतेच. आरपी फिल्टर बंद करण्याचा सल्ला कारण सापडण्यापूर्वी देऊ नये. प्रयोगशाळेतून खोट्या पत्त्यांची पॅकेटे अडवणारी ती एक भिंत आहे, आणि शिवाय सर्वांसाठीचे मूल्य व त्या इंटरफेसचे मूल्य यांपैकी जे मोठे असेल तेच लागू होत असल्याने केवळ एकीकडे ० लिहून ते बंदही होत नाही. उंबरठा यांचा सल्ला एरवी चांगला आहे, पण येथे पिंगला उत्तर मिळत आहे, म्हणजे राउटरचे पत्ते योग्य रीतीने ओळखले जात आहेत.

खरा धागा वेळेच्या सेवेत आहे. ती व्हीआरएफला बांधलेल्या सॉकेटवर ऐकते आणि ती चालते. एसएसएचचे सॉकेट कशालाच बांधलेले नाही आणि तेथे नकार येतो. व्हीआरएफमधून आलेली जोडणी न बांधलेल्या सॉकेटला मिळावी यासाठी टीसीपी एलथ्रीएमडेव्ह ॲक्सेप्ट हे सेटिंग १ असावे लागते आणि त्याचे मूळ मूल्य ० आहे. पॅकेट पुढे पाठवू देणाऱ्या आयपी फॉरवर्डचेही मूळ मूल्य ० आहे. पिंगचे उत्तर कर्नल स्वतः देतो, त्याला या दोहोंची गरज नाही. आपली तिन्ही लक्षणे यात बसतात. ही दोन मूल्ये वाचून येथे द्या, आणि ग्रबच्या (बूट होताना दिसणाऱ्या) यादीतून जुन्या ६.१ वर बूट करून तेथेही तीच वाचा. जुन्या कर्नलवरही हाच बिघाड दिसला, तर कर्नलवरील संशय मिटेल.

गोदाकाठ

डेबियन १३ मध्ये पिंगलाही अडचण येऊ शकते, हे लक्षात असू द्यावे. तेथे पिंगला आता विशेष अधिकार दिलेला नसतो आणि सामान्य वापरकर्त्याला ते चालवता यावे यासाठी पिंग ग्रुप रेंज हे सेटिंग लागते. लिनक्स-सिसकंट्रोल-डिफॉल्ट्स हे पॅकेज बसवल्यास ते मिळते.

रानवाट

गोदाकाठ, माझे पिंग चालत आहे.

सह्यकडा, दोन्ही मूल्ये ० आहेत. जुन्या ६.१ वर बूट केले तरी ती ०च राहतात आणि बिघाडही तसाच राहतो. हे मला अनाकलनीय आहे, कारण कर्नलची सेटिंग्ज लिहिण्याच्या, ईटीसीमधील सिसकंट्रोल.कॉन्फ या फाइलमध्ये दोन्ही ओळी वर्षानुवर्षे १ अशा लिहिलेल्या आहेत आणि आत्ताही तेथे आहेत. अपग्रेडनंतर सहकाऱ्याने सिसकंट्रोलची आज्ञा पी पर्यायासह दिली तेव्हा सर्व काही सुरू झाले होते, परंतु यूपीएसच्या कामासाठी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आणि पुन्हा सारे थांबले. अपग्रेड म्हणजे डेबियन १२ वरून १३ वर आलो, कर्नल त्याच्यासोबतच बदलला.

सह्यकडा

या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. कर्नल निर्दोष आहे. डेबियन १३ मध्ये बूट होताना सेटिंग्ज लावणारी सिस्टमडी-सिसकंट्रोल ही सेवा ईटीसीमधील सिसकंट्रोल.कॉन्फ वाचत नाही. पूर्वी सिसकंट्रोल.डी या डिरेक्टरीत ९९ क्रमांकाचा एक दुवा त्या फाइलकडे बोट दाखवत असे, आता तो राहिलेला नाही. हा बदल डेबियन १३ च्या प्रकाशन-टिपणांत स्पष्ट लिहिलेला आहे. हाताने दिलेली पी पर्यायाची आज्ञा मात्र अजूनही तीच फाइल वाचते, म्हणून आपल्या सहकाऱ्याने ती देताच राउटर चालू झाला आणि पुढच्या बूटला थांबला.

उपाय असा की, त्या फाइलमधील आवश्यक ओळी सिसकंट्रोल.डी मध्ये डॉट-कॉन्फ या शेपटीच्या नव्या फाइलमध्ये हलवाव्यात आणि यंत्र पुन्हा सुरू करून मूल्ये वाचावीत. पुन्हा सुरू केल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये.

दीपमाळ

फाइल हलवण्याऐवजी तो जुना दुवा स्वतः तयार केला की काम होते.

उंबरठा

काम होते हे खरे, पण दुव्याची शिफारस मी करणार नाही. जुन्या फाइलमध्ये वर्षानुवर्षांच्या, कोणी कशासाठी घातल्या हे न कळणाऱ्या ओळी साचलेल्या असतात. राउटिंगच्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये, प्रत्येकीच्या वर कारण लिहून ठेवल्यास पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो. याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट सांगतो. व्हीआरएफचे स्ट्रिक्ट मोड (एका टेबलाला एकच व्हीआरएफ ठेवणारे) हे सेटिंग वापरत असाल तर ते व्हीआरएफचे मॉड्यूल चढल्यावरच अस्तित्वात येते, त्यामुळे मॉड्यूलचे नाव मॉड्यूल्स-लोड.डी मध्येही लिहावे लागते. एलथ्रीएमडेव्ह ॲक्सेप्टला ही अट नाही.

निळीवायर

एका धोक्याकडे मला लक्ष वेधायचे आहे. टीसीपी एलथ्रीएमडेव्ह ॲक्सेप्ट १ केले की राउटरची एसएसएच सेवा व्यवस्थापनाच्या व्हीआरएफपुरती राहत नाही, ती प्रयोगशाळेच्या व्हीआरएफमध्येही उघडी पडते. फायरवॉलमध्ये ती अडवलेली नसेल तर विद्यार्थ्यांच्या कोणत्याही संगणकावरून राउटरच्या दारावर टकटक करता येते. वर्षानुवर्षे असेच चालले असेल तर ते आज थांबवावे. एसएसएच सेवेच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिसन ॲड्रेस या ओळीत पत्त्यानंतर आरडोमेन हा शब्द आणि व्यवस्थापनाच्या व्हीआरएफचे नाव लिहिता येते. त्याने सेवा त्या एका व्हीआरएफला बांधली जाते आणि हे सेटिंग ०च ठेवता येते.

सह्यकडा

निळीवायर यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि हा सल्ला माझ्या उत्तरापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. कन्सोलवर बसलेले असतानाच हा बदल करून घ्या.

रानवाट

फॉरवर्डिंगची ओळ सिसकंट्रोल.डी मधील स्वतंत्र फाइलमध्ये हलवली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. आयपी फॉरवर्ड १ वाचले जाते आणि प्रयोगशाळेतील संगणक बाहेर जात आहेत. एसएसएचसाठी आरडोमेन लिहिले. व्यवस्थापनातून जोडणी होते आणि प्रयोगशाळेतून नकार येतो. टीसीपी एलथ्रीएमडेव्ह ॲक्सेप्ट ० ठेवले आहे. पहिल्या बूटला मात्र एसएसएचची सेवा उभी राहिली नाही, व्हीआरएफचे नाव सापडत नाही असे तिचे म्हणणे होते. हाताने पुन्हा सुरू केल्यावर ती चालली.

उंबरठा

आपली व्हीआरएफ ईटीसीमधील इंटरफेसेस फाइलमधून तयार होत असतील, तर ती उभी राहण्यापूर्वीच एसएसएच सुरू होत आहे. एसएसएचच्या युनिटला (सिस्टमडीतील सेवेच्या व्याख्येला) एक पूरक फाइल जोडून त्यात आफ्टर आणि वॉन्ट्स या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन या टार्गेटचे (जाळे तयार झाल्याच्या टप्प्याचे) नाव द्यावे. केवळ आफ्टर लिहिल्यास क्रम ठरतो, पण ते टार्गेट बूटमध्ये ओढले जाईलच असे नाही. व्हीआरएफची व्याख्या ऑटो या शब्दाने सुरू होत आहे ना, तेही पाहून घ्यावे.