धर्म, संस्कृती आणि कर्मचाऱ्यांनी नवी प्रणाली स्वीकारणं: प्रश्नावलीत कसं बसवायचं?

अर्धी_फाईल
कागदविरहित फाईल-प्रणाली सरकारी कर्मचारी कितपत स्वीकारतात, यावर प्रबंध लिहितो आहे. पाया यूटॉट प्रारूपाचा, म्हणजे लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या प्रारूपाचा (वेंकटेश आणि सहकारी, २००३). एकाच देशातली २० कार्यालयं, प्रत्येकी २० जण, असे ४०० लोक. संस्कृतीसाठी हॉफस्टेडचे देशनिहाय गुण (प्रत्येक देशाच्या संस्कृतीला काही परिमाणांवर दिलेले आकडे) आणि धर्मासाठी 'तुम्ही किती धार्मिक आहात?' हा एक प्रश्न, असं योजलं आहे. हे घटक थेट कारण म्हणून घ्यायचे की मध्ये येऊन परिणाम बदलणारे म्हणून? शिवाय प्रणाली सक्तीची आहे, त्यामुळे 'वापरणार' असंच सगळे लिहितील. त्याचं काय करायचं?

मापपट्टी
देशनिहाय गुण वापरूच नका. सगळे एकाच देशातले, म्हणजे ४०० जणांना एकच आकडा मिळणार. ज्यात फरकच नाही त्याचा कशाशी संबंध काढणार? शिवाय मूळ गुण १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून घेतलेल्या उत्तरांवर बेतलेले. ती देशांची सरासरी आहे, ती एकेका माणसाला चिकटवू नये असं खुद्द हॉफस्टेडनेच बजावलं होतं.

त्याऐवजी व्यक्तीची मूल्यं विचारा. यू, डोंथू आणि लेनार्टोविच यांची सीव्हीस्केल ही प्रश्नावली (२०११) २६ विधानांची आहे आणि हॉफस्टेडची पाचही परिमाणं व्यक्तीच्या पातळीवर मोजते. ती 'परिणाम बदलणारा घटक' म्हणूनच बसवा. सत्ता-अंतर, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ ही उतरंड, मान्य असणाऱ्याला 'साहेबांना हवंय' एवढं कारण पुरतं. अनिश्चितता नकोशी असणारा आधी विचारतो, 'अडलं तर मदतीला कोण?' संस्कृती थेट 'स्वीकार वाढवते' किंवा 'घटवते' हे गृहीतक मला भोंगळ वाटतं.

लॉगवाला
सक्तीबद्दल. यूटॉटमधला 'स्वेच्छा' हा घटक काढून टाका, तुमच्याकडे तो सगळ्यांसाठी सारखाच आहे. मूळ अभ्यासातही सामाजिक प्रभाव (आपण प्रणाली वापरावी असं महत्त्वाच्या माणसांना वाटतं ही जाणीव) सक्तीच्या ठिकाणीच ठळक दिसला, आणि अनुभव वाढला तसा ओसरला. म्हणून प्रत्येकाने प्रणाली किती महिने वापरली हे नोंदवा.

'वापरण्याचा इरादा' मोजून काही हाती लागणार नाही. प्रणालीच्या नोंदी मागा आणि तीन गोष्टी बघा. पहिली टिप्पणी प्रणालीतच लिहिली, की कागदावर लिहून नंतर स्कॅन करून चढवली? दिवसाच्या शेवटी पंधरा मिनिटांत पन्नास फायली पुढे गेल्या का? वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या एकाच संगणकावरून पडल्या का?

तिसरी सगळ्यात बोलकी. साहेबांचं डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीसारखं उपकरण) लिपिकाच्या खणात आणि पिन चिठ्ठीवर, असं असेल तर अहवालात शंभर टक्के वापर दिसतो. प्रत्यक्षात उतरंड जशीच्या तशी राहिलेली असते, फक्त शाई गेलेली. सत्ता-अंतर खरं इथे दिसतं, प्रश्नावलीत नाही. नोंदी आणि उत्तरं सांकेतिक क्रमांकाने जोडा. जोडणीची यादी कार्यालयाच्या हाती लागता कामा नये.

तळटीप
एका प्रश्नात धार्मिकता मोजता येत नाही. ज्या समाजात धार्मिक असणं हे चांगुलपण मानतात तिथे जवळपास सगळे ५ पैकी ४ किंवा ५ देतात आणि फरक उरत नाही. वर्दिंग्टन आणि सहकाऱ्यांची आरसीआय-१० ही धार्मिक बांधिलकीची प्रश्नावली (२००३) बघा: सहा विधानं आंतरिक बांधिलकीची, चार समूहातल्या सहभागाची. दोन्हींची बेरीज करू नका. समूहात वावरणारा माणूस सहकाऱ्यांचं मत लवकर उचलतो, आतून श्रद्धाळू माणूस तसं करेलच असं नाही.

आणि फाईल-प्रणालीचा श्रद्धेशी संबंध बहुधा लांबचाच. तो जवळचा होतो ते चेहरा किंवा बोटांचे ठसे मागणाऱ्या हजेरीत, चेहरा वा डोकं झाकण्याच्या नियमात, प्रशिक्षण उपासाच्या किंवा प्रार्थनेच्या वेळी ठेवल्यावर. त्यामुळे प्रश्न तंत्रज्ञानागणिक वेगळे ठेवा. हजेरी-यंत्राला 'धार्मिक' म्हणून होणारा विरोध कधी कधी उशिरा येणं उघडं पडण्याचा असतो, तेव्हा देखरेखीबद्दलची दोन-तीन विधानं घाला. वय, शिक्षण, सेवेची वर्षं हेही धरा, नाहीतर निवृत्तीला आलेल्याची धास्ती श्रद्धेच्या खात्यात जमा होईल.

मापपट्टी
नमुन्याचं राहिलं. एका कार्यालयातले लोक एकमेकांसारखी उत्तरं देतात. हे साम्य (० ते १ या मापात) ०.०५ धरलं तरी गुणक १ + (२० − १) × ०.०५ = १.९५; ४०० ला त्याने भागलं की त्यांचं वजन साधारण २०५ स्वतंत्र माणसांइतकंच. तेच ४०० जण ४० कार्यालयांतून दहा-दहा घेतले तर गुणक १.४५ आणि वजन सुमारे २७६. कार्यालयं वाढवा, माणसं नकोत. आणि सगळ्या परस्परक्रिया (एका घटकाने दुसऱ्याचा परिणाम बदलणं) तपासू नका, दोन-तीन आधीच ठरवा.

अर्धी_फाईल
४० कार्यालयं जमतील. सत्ता-अंतराची विधानं भाषांतरित केल्यावर फारच उद्धट वाटताहेत. सौम्य करू का?

तळटीप
स्वतःच सौम्य करू नका, अर्थ सरकतो. दुसऱ्या माणसाकडून उलट, म्हणजे परत मूळ भाषेत, भाषांतर करून घ्या आणि मूळाशी ताडून पाहा, मग सात-आठ कर्मचाऱ्यांना विधान वाचायला देऊन 'यातून काय समजलं?' विचारा. आणि वरिष्ठ खोलीत असताना प्रश्नावली वाटू नका.